जसे आहे, जेथे आहे

त्या मुलानं खिशातून लोहचुंबक काढलं तेव्हा मला आधी वाटलं, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकलेलं काहीतरी असेल. रुपयाच्या नाण्याएवढं, गोल. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून एका बाजूला जुन्या बनियनचा तुकडा चिकटवलेला. ते त्यानं बॉनेटवर ठेवलं, चटकन बसलं. उचलून वीतभर पुढं ठेवलं, पुन्हा बसलं. असं करत करत चारही दारं झाली, डिकी झाली, उजवं मडगार्ड झालं. डाव्या मडगार्डवर, हेडलाइटच्या जरा मागं, लोहचुंबक घसरलं आणि खाली पडून जिन्याच्या पायरीपर्यंत घरंगळत गेलं. मीच ते उचलून त्याच्या हातात दिलं. त्यानं पुन्हा तिथंच लावलं. पुन्हा पडलं. मग त्यानं बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं. बाकीचा पत्रा पिठाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजत होता. तिथं मात्र भिंतीवर वाजवावं तसा बद्द आवाज.

“काका, इथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. चांगली जाड आहे. कधी ठोकली होती का गाडी?”

माझ्या हातात सोसायटीचं पॅड होतं, त्यावर बोली लावायला आलेल्यांची नावं आणि अनामत रकमा. मी पॅडकडे बघत म्हणालो, “कल्पना नाही.”

या दोन शब्दांना आता चार महिने होत आले.

आमची सोसायटी पार्ल्याची, पूर्वेची. तळमजला अधिक तीन. बारा वर्षं भांडून झाल्यावर एकदाची रीडेव्हलपमेंटला गेली. जागा रिकामी करायची तारीख पडली आणि प्रत्येकाच्या माळ्यावरून काय काय खाली यायला लागलं. तांब्याचे बंब, पाटा-वरवंटा, लोखंडी खाटा, एकाच्या घरातून तर मर्फीचे दोन रेडिओ. हे सगळं आपापल्या वाटेनं गेलं. जिन्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती गाडी तेवढी उरली. गाडीचे मालक, ब्लॉक नऊचे काका, जाऊन सोळा वर्षं झाली, मागोमाग काकूही गेल्या. मुलगा न्यू जर्सीला. त्याला मेल केली तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुम्हीच काय ते करा, पैसे सोसायटीच्या फंडात टाका, कागदांवर कुठं सह्या लागतील तेवढं सांगा. आता गाडी कुणाला तरी अशीच देऊन टाकावी तर उद्या कमिटीकडे बोटं दाखवायला लोक मोकळे. म्हणून लिलाव. आणि सेक्रेटरी मी, त्यातून बँकेतून रिटायर झालेला, म्हणून नोटीसही मीच लिहायची असं ठरलं.

बँकेत असताना अशा नोटिसा किती काढल्या त्याची गणती नाही. यंत्रमाग, राइस मिल, ट्रॅक्टर, दुकानाचे गाळे. मजकूर हातात बसलेला होता. एक मोटारगाडी, मेक प्रीमियर, मॉडेल प्रेसिडेंट, सन १९७३, पेट्रोल, १०८९ सीसी, बंद स्थितीत. सरकारी बोली रु. २५,०००. यात सरकारचा काडीचा संबंध नाही, पण लिलाव म्हटला की आपल्याकडे पहिली बोली सरकारीच असते. आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य: ‘सदर वाहन जसे आहे, जेथे आहे तत्त्वावर विकले जाईल.’ या वाक्यानं विकणारा सुटतो. गंज असो, मार असो, इंजिन जाम असो, घेणाऱ्यानं आपल्या डोळ्यांनी बघून घ्यावं. नोकरीत हे वाक्य लिहिताना एकदाही हात अडखळला नाही. या खेपेला टाइप करताना एक क्षण थांबलो होतो, हे खरं आहे. मग टाइप केलं आणि प्रिंट काढून लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या त्या ‘लिफ्टजवळच्या’ फलकावर लावली. (तो फलक लिफ्ट येणार म्हणून एका जागी लावला होता. लिफ्ट कधी आली नाही, नाव राहिलं.)

आम्ही मुलं त्यांना फियाटकाका म्हणायचो, आणि गंमत अशी की गाडीला फियाट म्हटलेलं त्यांना अजिबात चालायचं नाही. “प्रेसिडेंट आहे ती. मागं वाच.” मागं खरंच तसं लिहिलेलं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी इटलीच्या फियाटची गाडी फियाट याच नावानं निघायची. पन्नासच्या दशकातली ती गोलमटोल, पुढं नाकाड काढलेली, जिला सगळी मुंबई ‘डुक्कर फियाट’ म्हणायची. मग १९६४ पासून ही कोनांची, मागं छोटे पंख फुटलेली ११००. पुढं इटलीवाल्यांचं नाव गेलं, १९७२ साली ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. म्हणजे प्रेसिडेंट हे नाव टिकलं जेमतेम दोन वर्षं, आणि काकांचा नंबर नेमका त्या दोन वर्षांत लागला. गाडी तीच, मोल्डिंगं तीच, पण त्या अक्षरांचा त्यांना भारी अभिमान. लोहचुंबकवाल्या मुलानं आल्या आल्या पहिल्यांदा डिकीवरची ती अक्षरंच मोजली. एकही पडलेलं नव्हतं. त्याचा चेहरा बघून मला कळलं की काकांना भेटायला हवा होता हा.

नंबर लागला म्हणतो, कारण तेव्हा गाडी विकत घेत नसत, गाडीचा नंबर लागत असे. काकांनी पैसे भरले १९६६ साली. गाडी आली १९७३ ला. मधल्या काळात त्यांचं लग्न झालं, मुलगा झाला, तो शाळेत जायला लागला. त्या सात वर्षांत गाडीची किंमतसुद्धा कारखान्याच्या हातात नव्हती, सरकार ठरवायचं. अॅम्बॅसडर, फियाट आणि हेरल्ड यांची रास्त किंमत काय धरावी हा वाद १९७१ साली थेट सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. आणि बाहेर बाजारात? डिलिव्हरीच्या आदल्या महिन्यात एका व्यापाऱ्यानं काकांना घरी येऊन वर ‘ऑन’, म्हणजे किमतीपेक्षा जास्तीचे पैसे, देऊ केला होता म्हणे, नुसती चिठ्ठी माझ्या नावावर करा. ती रक्कम काकू आम्हाला दर वेळी वाढवून सांगायच्या. काका ऐकून फक्त हसायचे. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना फियाटसाठी बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढलं होतं, ही गोष्ट मात्र ते स्वतः सांगायचे, आणि मी बँकेत लागल्यावर तर दर भेटीत. जणू ते कर्ज मीच मंजूर केलं होतं.

गाडीचा वास मला अजून आठवतो. उन्हात तापलेलं रेक्झिन, थोडं पेट्रोल, आणि काकू डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायच्या त्या आवळासुपारीचा. पुढचं सीट एकसलग, बाकासारखं, त्यावर आम्ही तिघं चौघं मावायचो. गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे मधे पाय अडायचे नाहीत. सकाळी चोक ओढून चालू करताना ती आधी दोनदा खाकरायची. वर्षातून एकदा लोणावळा. खंडाळ्याच्या घाटात अमुक वळणावर ती बंद पडणार हे इतकं ठरलेलं होतं की काकू घरून निघतानाच जुन्या धोतराचा फडका पाण्यात बुडवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यायच्या. उष्णतेनं पेट्रोलची पंपात वाफ व्हायची आणि वाफ काही पुढं सरकायची नाही. मग बॉनेट वर, ओला फडका पंपावर, आणि सगळ्यांनी कठड्यावर बसून वाटाण्याची उसळ खायची. आमच्या आधीच्या आणि नंतरच्या वळणांवरही तसलीच बॉनेटं उघडी दिसायची. आज दहा मिनिटं गाडी थांबली तर लोक कंपनीला फोन करून अंगावर जातात. तेव्हा कुणाला राग आल्याचं मला आठवत नाही. अर्थात, राग येऊन करणार काय होते? सात वर्षं थांबून मिळालेल्या वस्तूवर रागवायची सोय नसते.

मला त्या गाडीवर शिकवलं काकांनी. १९८४, मी अठराचा. तोवर मारुती येऊन वर्षही झालं नव्हतं. डिसेंबर ८३ मध्ये पहिल्या गिऱ्हाइकाला इंदिरा गांधींनी किल्ली दिली तो फोटो पेपरात आलेला. काका म्हणायचे, “ती चालवायला कुणीही शिकेल. ही शिकलास की कुठलीही चालवशील.” रविवारी सकाळी सहाला, दुधाच्या बाटल्या यायच्या आत, आम्ही निघायचो. स्टिअरिंग असं जड की पहिल्या रविवारी माझे दंड भरून आले. ब्रेक एकदा दाबून भागायचं नाही, दोनदा मारायचा, दुसऱ्यांदा धरतो. गिअर टाकताना बघायचं नाही, ऐकायचं. काका शेजारी बसून काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. फक्त मी चुकलो की डावा हात दाराच्या तिकोनी काचेवर ठेवायचे.

तो रविवार सहावा की सातवा. परत येताना काका कोपऱ्यावर पेपर घ्यायला उतरले आणि म्हणाले, “आत घे गाडी, आलोच.” पहिल्यांदाच. एकट्यानं. गल्लीतून डावीकडे वळून गेटमधून आत, एवढंच तर होतं. आमच्या गेटच्या खांबाला बिजागरीचा एक लोखंडी आकडा बाहेर आलेला होता, सगळ्यांच्या छत्र्या फाडायचा. माझी नजर उजव्या खांबावर. डावीकडून जो आवाज आला तो मी इथं लिहू शकत नाही. नारळ फोडताना आधी कवटी तडकते आणि मग आत पाणी हलतं, तसं काहीतरी दोन टप्प्यांत झालं. उतरून बघितलं तर मडगार्डला तळहात मावेल एवढा खड्डा, मधोमध पत्रा फाटलेला, आणि खांबाचा कोपरा सिमेंटसकट खाली.

काका पेपर काखेत घेऊन आले. त्यांनी खड्ड्यात बोट घालून पाहिलं. मग वर बघितलं, आमच्या घराच्या खिडकीकडे. तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी माझे बाबा होते.

“तू मागं बसला होतास,” काका म्हणाले. बस, एवढंच. आवाज होऊन बाबा खाली आले तेव्हा काका हात झटकत उभे होते आणि म्हणत होते, झोपेत होतो हो, लक्षच नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. “तू होतास का गाडीत?” मी म्हणालो, “मागं होतो.” त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

त्यानंतर काकू वर्षानुवर्षं काकांना त्यावरून बोलल्या. सगळ्या मुंबईत एक ओरखडा नाही आणि स्वतःच्या घराच्या खांबाला जाऊन धडकले. पाहुणे आले की बोलायच्या, गणपतीत बोलायच्या. काका हसून चष्मा पुसायचे. खांबाच्या बाजूनं वर बघितलेले ते दोन सेकंद मी रोज येता-जाता आठवायचो, मग आठवड्यातून एकदा, मग नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि ते गेलं. काका गेले तेव्हा मी नांदेडला होतो. दहाव्याला आलो.

गेल्या वर्षी रीडेव्हलपमेंटसाठी जुनी दफ्तरं लावताना १९८४ चं इतिवृत्ताचं रजिस्टर हाती लागलं. वाळवीनं कडा खाल्लेल्या, मजकूर शाबूत. बाबांचं अक्षर, ते लांब, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असलेलं. ‘गेटच्या डाव्या खांबाचे नुकसान ब्लॉक क्र. ९ चे सभासद यांच्या मोटारीमुळे झाले असून त्यांनी ते मान्य केले आहे. दुरुस्तीखर्च रु. ८५ त्यांचेकडून वसूल करण्यात यावा. सर्वानुमते मंजूर.’ खाली वसुलीची तारीख. आठच दिवसांत भरलेले. पंच्याऐंशी रुपयांत तेव्हा काय यायचं याचा हिशेब मी मनात करत बसलो, निम्मी टाकी भरली नसती वगैरे. मग लक्षात आलं की बाबांनी ‘मोटारीमुळे’ लिहिलंय. ‘सभासदाकडून’ नाही. शब्दांच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. का फक्त तशी लिहायची पद्धत होती? आता विचारायला कुणी नाही.

तर लिलाव. रविवारी सकाळी अकरा, गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या खाली आणून मांडलेल्या. सभासद पंधरा-वीस जमले, बोली लावणारे तिघं. पहिला कुर्ल्याचा भंगारवाला, वयस्कर, अदबशीर. त्यानं लोहचुंबक वगैरे काही आणलं नव्हतं; मूठ वळून छतावर एकदा थाप मारली आणि म्हणाला, “सेठ, पत्रा पुराना है, मोटा है. अब ऐसा नहीं आता.” त्याचा सगळा हिशेब किलोत. दुसरा अंधेरीचा, हॉटेलांची सजावट करणारा. त्याला गाडी मधून कापून अर्धी भिंतीतून बाहेर आल्यासारखी लावायची होती, बॉनेटवर काच टाकून टेबल. हे त्यानं एवढ्या प्रेमानं सांगितलं की मला बोलायचं सुचेना. तिसरा हा मुलगा, ठाण्याचा, दिवसा कुठल्या तरी कंपनीत सॉफ्टवेअर. पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. २०२१ पासूनचा नियम आहे. त्याला ती पाटी हवी होती. टॅक्सीतल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षं भरून ती २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, त्या दिवशी हा म्हणे ऑफिसला दांडी मारून तिच्यासोबत फोटो काढायला गेला होता. जन्म झाला तेव्हा कुर्ल्याची ही गाडी बनायचीसुद्धा बंद व्हायला आली असेल.

आणि त्याच मुलानं बोलीच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं, की पुढं डावीकडे मार बसलेला आहे, लांबी आहे, तेवढं धरूनच मी बोलणार. ते ऐकून हॉटेलवाल्याचाही चेहरा व्यवहारी झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मोठ्यानं म्हणाल्या, “अहो, ते नाही का, त्यांनी स्वतःच घातली होती खांबावर!” सगळे हसले. चाळीस वर्षांनंतर, माणूस जाऊन सोळा वर्षं झाल्यावर, पुन्हा तो विनोद, आणि मी हातात पॅड धरून उभा. पंचवीसपासून सुरुवात झाली. भंगारवाला एकतीसला थांबला, हात जोडून मागं सरकला. मग दोघांत हजारा-हजारानं चाललं. सत्तेचाळीसला मुलाचा आवाज बारीक झाला. हॉटेलवाला अठ्ठेचाळीस. मुलानं बायकोला फोन लावला, ती काय म्हणाली कळलं नाही, हा म्हणाला बावन्न. हॉटेलवाल्याचा त्याच वेळी फोन वाजला आणि तो ‘एक मिनिट’ म्हणत जिन्याकडे वळला. सरकारी एक वार, सरकारी दोन वार, सरकारी तीन वार. मी पॅडवर पेन आपटलं. इतक्या घाईनं मी आयुष्यात काही मोजलेलं नाही. हॉटेलवाला परत येऊन जरा कुरकुरला. त्याची खंत मला वाटत नाही, आजही वाटत नाही.

आधी गाडी वारसाच्या नावावर, मग त्याच्याकडून ठाण्याच्या मुलाच्या. फॉर्म ३१, मग २९ आणि ३०, न्यू जर्सीहून सह्या होऊन कागद यायला सव्वा महिना गेला. मग टोइंगवाला आला. चारही टायर बसलेले, चाकं जाम. ताडपत्री काढल्यावर खाली मांजराची तीन पिल्लं निघाली, त्यांची सोय लावण्यात अर्धा तास. गाडी बाहेर निघताना मुलगा सारखा ओरडत होता, डावीकडे बघा, डावीकडे. खांब अजून होता तेव्हा. कोपऱ्यात पंच्याऐंशी रुपयांचं सिमेंट बाकीच्यापेक्षा वेगळ्या रंगाचं दिसतं, माहीत असलं की. इंचभर अंतरानं गेली. पुढच्या आठवड्यात जेसीबी आला.

परवा रात्री त्या मुलाचा व्हॉट्सअॅप आला. फोटो होता. मडगार्ड खरवडून नागडं केलेलं, लांबीचा भुगा फरशीवर, आणि मधोमध तो खड्डा. आमच्या वेळच्या डेंटरनं तो ठोकून वर काढायचा फारसा प्रयत्नच केला नव्हता, भरून टाकला होता. फाटलेल्या कडा तशाच. मी स्क्रीनवर दोन बोटांनी मोठा करून बघत बसलो. खाली त्यानं लिहिलं होतं: काका, गाडीची फाइल बनवतोय. पहिल्या मालकांबद्दल, गाडीबद्दल जे आठवेल ते लिहून पाठवाल का? एक पान चालेल.

मी बसलो आणि लिहिलं. १९६६, १९७३, प्रेसिडेंट, ओला फडका, आवळासुपारी. मग मडगार्ड. तारीख आठवली नाही, रविवार लिहिलं. कोण चालवत होतं ते लिहिलं. काका काय म्हणाले ते लिहिलं. पंच्याऐंशी रुपये लिहिले. ‘तुम्ही विचारलंत तेव्हा मी कल्पना नाही म्हणालो, ते खरं नव्हतं’ हेही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दोन पानं झाली. रात्री साडेबाराला पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. सकाळी उठेपर्यंत बघितला नाही.

सकाळी उत्तर आलेलं होतं. एक अंगठा, दोन हात जोडलेले. त्याखाली: ‘मस्त काका, हे सगळं फाइलला लावतो. टायरचा ओरिजिनल साइज काय होता आठवतंय का?’

आठवत होतं. ५.२०, १४ चं चाक. डाव्या बाजूची हवा काका मलाच भरायला लावायचे.